कोड दिसला की पार्ट बदला!

चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला की माझं डोकंच फिरतं. दिव्यामुळे नाही हो, त्यानंतर जे नाटक सुरू होतं त्यामुळे! गॅरेजवाला स्टिअरिंगखालच्या सॉकेटला स्कॅनर लावणार, स्क्रीनवर पी०१७१ हा बिघाडाचा कोड वाचणार आणि छातीठोकपणे सांगणार, "साहेब, ऑक्सिजन सेन्सर गेलाय."

अहो, कुठे लिहिलंय तसं? पी०१७१ एवढंच सांगतो की इंजिनात हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय. आता इनटेकचा होस पाइप तडकून जादा हवा आत शिरत असेल, एअरफ्लो सेन्सरवर धूळ बसली असेल, नाहीतर पेट्रोल पंपच दमला असेल. धुरातला ऑक्सिजन मोजणारा तो सेन्सर बिचारा फक्त तक्रार घेऊन आलाय. पण नाही, चोर सोडून संन्याशाला फाशी! फ्युएल ट्रिमचा आकडा, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर पेट्रोल किती वाढवतोय-घटवतोय ते, त्याच स्कॅनरवर दिसतो. आयडलला तो खूप वर आणि रेस केल्यावर खाली आला, तर बहुतेक वेळा कुठेतरी हवा गळतेय. तेवढं बटण दाबायला काय जातं?

आणि ते "कोड उडवून देतो, बघू परत येतो का" ऐकलं की तळपायाची आग मस्तकात जाते. कोडबरोबर फ्रीज फ्रेम, म्हणजे बिघाडाच्या क्षणाची नोंदही पुसली जाते. बिघाड झाला तेव्हा आरपीएम किती होतं, इंजिन गरम होतं की थंड, स्पीड काय, सगळा पुरावा साफ! दिवा विझतो, बिल हातात पडतं आणि चार दिवसांत भर घाटात तो पुन्हा पेटतो. फोन केला तर उत्तर तयारच असतं: "मग आता ईसीएम, इंजिनाचा कॉम्प्युटरच, बघावा लागेल, साहेब."