एलियाहूला नवस चालतो का?

सॅमी आमचा बेने इस्राएली, म्हणजे कोकणातला ज्यू. बहिणीचं लग्न ठरलं म्हणून घरी मलिदा होता, तो डब्यात भरून कट्ट्यावर घेऊन आला, खोबरं-वेलची घातलेले गोड पोहे. पक्या खाता खाताच सुरू झाला, "तुमचा देव एकच ना रे, मग हा एलियाहू हानाबी मधेच कुठून आला?"

सॅमी म्हणे, नवस देवालाच, एलियाहूचं फक्त नाव घ्यायचं, तो संदेष्टा, देव नाही. आणि तो मेलाच नाही, अग्निरथातून वर गेला, म्हणून सुंतेच्या वेळी त्याची खुर्ची मांडतात आणि पेसाहच्या सणाला त्याचा प्याला भरून ठेवतात.

"मग अलिबागजवळ खंडाळ्याला त्याच्या रथाचा ठसा बघायला का जाता?" पक्या सोडतोय होय!

इथे अभ्या घुसला, त्याचं वाचन दांडगं आणि ते ऐकवायची हौस त्याहून दांडगी. म्हणे ज्यूंना इजिप्तच्या गुलामीतून सोडवणाऱ्या मोशेची कबर कुठेय हे कुणालाच माहीत नाही, तोरात, म्हणजे त्यांच्या धर्मग्रंथातच लिहिलंय तसं. म्हणजे समाधी, गादी, उरूस काही होणारच नाही. आणि एवढा मोठा मोशे पण खडकावर काठी मारली म्हणून देवाने त्याला वचनाच्या देशात जाऊ दिलं नाही, दाविद राजाने दुसऱ्याची बायको बथशेबा घेतली तर नाथान संदेष्ट्याने त्याला तोंडावर सुनावलं. यांच्यात कुणीच चुकांच्या वर नाही.

हे मला पटलं, पण पुस्तकापुरतंच. रब्बी नाखमन म्हणून एक ज्यू धर्मगुरू 1810 मध्ये गेले, युक्रेनमध्ये उमानला त्यांच्या कबरीवर दरवर्षी रोश हशानाला, म्हणजे ज्यूंच्या नववर्षाला, हजारोंची झुंबड असते. न्यूयॉर्कला लुबाविच पंथाच्या गुरूंच्या, म्हणजे रेब्बेंच्या कबरीवर लोक चिठ्ठ्या टाकतात. मध्ययुगातला मोठा ज्यू पंडित मायमोनिडीस, त्याने बजावलंय की प्रार्थना फक्त देवाची, मधे कुणी नको. पण तालमूद या त्यांच्या जुन्या धर्मशास्त्रातच मोशेचा माणूस कालेब हेब्रोनला पूर्वजांच्या कबरींपाशी जाऊन विनवतो की माझ्यासाठी दया मागा!

"म्हणजे वशिला," पक्या खूश.

"वशिला मागायला हरकत नाही रे, साहेब कोण ते विसरायचं नाही," सॅमी.

"आणि 1994 ला रेब्बे गेले तरी तेच मशीहा, म्हणजे येणारा तारणहार, म्हणणारे आहेत, त्यांचं काय?" अभ्याने काडी टाकली.

सॅमी म्हणाला, "ते मला पण जास्त होतं, बहुतेक ज्यूंना होतं." मग डबा मागितला तर रिकामा, पक्याने बोलता बोलता संपवला होता.