दिव्याखाली अंधार

आमच्या मोरीत रोज सकाळी सव्वासहाला डोंबिवलीहून धीमी लोकल सुटते. मोटरमन मी. हातात हिरवा ब्रश. प्रवासी, गार्ड आणि स्टेशनमास्तर, तिन्ही आमचे चिरंजीव.

चिरंजीव आठ वर्षांचे आहेत, ऑटिस्टिक आहेत, आणि मध्य रेल्वेच्या बाबतीत त्यांच्याशी वाद घालायची घरात कुणाची टाप नाही.

लोकल सुरू होण्याआधी आमच्याकडे कुस्ती असायची. बायकोने हात धरायचे, मी ब्रश चालवायचा. दातांपेक्षा नाकच जास्त घासलं जायचं. शेवटी तिघंही घामाघूम, दोघं रडवेले, आणि बाहेरून आईचा सल्ला : "अरे, बोटाला राखुंडी लाव नि फिरव. तुझे नव्हते का घासले?" माझ्या तोंडात आज तीन दात सिमेंटचे आहेत, हे तिला कोण सांगणार!

थेरपिस्ट बाई म्हणाल्या, "तुम्हाला पुदिना गार लागतो, त्याला कदाचित मिरची लागत असेल. आणि ब्रशचे केस म्हणजे खराटा." मला हे जरा अतीच वाटलं. म्हणून त्या रात्री मी डोळे मिटून स्टुलावर बसलो आणि बायकोला म्हटलं, घास माझे दात. वीस सेकंदांत मी तिचं मनगट पकडलं. (तिने जुने हिशेबही त्यात चुकते केले असावेत, पण ते असो.)

मग पेस्टचा शोध. फेस नको, वास नको, झोंबायला नको. फेस येतो तो सोडियम लॉरिल सल्फेटमुळे, हे ज्ञान मला केमिस्टच्या काउंटरवर, चष्मा कपाळावर सरकवून ट्यूबची पाठ वाचताना झालं. मागे गिऱ्हाइकांची रांग. सातवी ट्यूब पसंत पडली. वाटाण्याएवढी पेस्ट, ना कमी ना जास्त. चार महिने सुखाचे गेले आणि कंपनीने नवीन आकर्षक वेष्टन आणलं. आत पेस्ट तीच. पण टोपण निळ्याचं पांढरं झालं होतं. चिरंजिवांनी ट्यूब कचऱ्याच्या डब्यात टाकून झाकण लावलं. तेव्हापासून जुनं निळं टोपण आम्ही सोन्यासारखं जपतो आणि प्रत्येक नव्या ट्यूबला चढवतो.

लोकलचा शोध मात्र त्याचाच. एकदा घासता घासता तो उद्घोषणेच्या सुरात म्हणाला, "पुढील स्टेशन, कोपर." माझा हात आपोआप पुढच्या दातावर गेला. तोंड उघडंच राहिलं! त्याचे त्या वेळी दात चोवीस, आणि डोंबिवली ते सीएसएमटी धीम्या मार्गावर स्टेशनंही चोवीस. खालच्या उजव्या दाढेला डोंबिवली, खालचा जबडा घाटकोपरला संपतो. तिथे मेट्रोसारखं वर चढायचं आणि विद्याविहारहून वरचा जबडा.

शाळेला उशीर झाला म्हणून एकदा मी फास्ट नेली. ठाण्याहून थेट घाटकोपर. त्याने मला परत डोंबिवलीला आणलं. रविवारी मात्र, रेल्वे रुळांच्या कामासाठी गाड्या बंद ठेवते तसा, तो तोंड घट्ट मिटतो : "मेगाब्लॉक." आता याला काय उत्तर देणार?

या मेगाब्लॉकांनीच घात केला असावा. कोपरच्या पुढच्या स्टेशनाला, म्हणजे दिव्याला, कीड लागली.

पहिले डॉक्टर म्हणाले, "आ कर बाळा, फक्त दोन मिनिटं." समोर भिंतीवर घड्याळ होतं. दोन मिनिटं झाली, चिरंजिवांनी तोंड मिटलं. डॉक्टरांचं बोट आत होतं. शब्द कुणी मोडला, यावर माझं मत मी फी देतानाही बोललो नाही.

दुसऱ्या डॉक्टरबाई लहान मुलांच्या दातांच्या. पहिल्या खेपेला त्यांनी खुर्ची नुसती वरखाली केली. दुसऱ्या खेपेला आरसा त्याच्याच हातात दिला. तिसऱ्या खेपेला विचारलं, "कुठलं स्टेशन?"

"दिवा."

"मग गाडी दिव्याला थांबेल. दहापर्यंत मोजते."

आणि खरोखर दहालाच थांबल्या. ड्रिल नाही, घरघर नाही. चांदीचं एक औषध इवल्याशा ब्रशने लावलं. त्याने कीड थांबते, पण किडलेला भाग काळाकुट्ट होतो, हे त्यांनी आधीच बजावलं होतं. बायको हळूच म्हणाली, "दिव्याखाली अंधार." मी निघताना दोनदा नमस्कार केला.

दुसऱ्या दिवशी सव्वासहाला गाडी वेळेवर सुटली. कोपर गेलं, दिवा आला. चिरंजिवांनी आरशात वाकून तो काळा ठिपका बराच वेळ न्याहाळला आणि माझा हात धरला.

"पारसिकचा बोगदा."

"हो रे राजा, बोगदाच!" मी खूश.

"बोगदा दिव्याच्या पुढे असतो. आणि धीमी लोकल बोगद्यातून जात नाही, बाबा."

गाडी अजून दिव्यालाच उभी आहे. डॉक्टरबाईंना फोन करावा की मध्य रेल्वेला, यावर आमचं नवराबायकोचं एकमत होत नाहीये.