संपूर्ण फोल्डर पुसण्याच्या सल्ल्याविषयी

सप्रेम नमस्कार.

उपग्रहचित्रांवर पृथ्वी पाहण्याचा गूगल अर्थ प्रो हा प्रोग्राम वारंवार बंद पडत असेल तर काय करावे, याविषयीच्या माझ्या लेखावर आपण तीन आक्षेप घेतले आहेत. दोन मिनिटांच्या कामासाठी मी वाचकाला अर्धा तास बसवतो, हा पहिला. ‘गूगलअर्थ’ नावाचा फोल्डर सरसकट पुसून प्रोग्राम पुन्हा इन्स्टॉल केला की प्रश्न मिटतो, असा आपला अनुभव आहे, हा दुसरा. डिस्कवरील कॅशे, म्हणजे एकदा उतरलेल्या चित्रांचा साठा, लहान ठेवण्याची माझी सूचना चुकीची आहे, हा तिसरा. तिसरा आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे. दुसऱ्याविषयी मात्र सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण आपली प्रतिक्रिया वाचून कोणी तो फोल्डर पुसला, तर होणारे नुकसान मागाहून भरून निघणारे नाही.

विंडोजमध्ये हा फोल्डर वापरकर्त्याच्या फोल्डरातील ॲपडेटा, त्यातील लोकललो आणि त्यातील गूगल अशा वाटेने सापडतो. ॲपडेटा मुळात लपवलेला असल्यामुळे बहुतेकांनी तो कधी उघडून पाहिलेला नसतो, आणि म्हणूनच त्यात केवळ प्रोग्रामचा पसारा असेल असा समज होतो. प्रत्यक्षात तिथे दोन अगदी वेगळ्या गोष्टी एकत्र राहतात. एक म्हणजे कॅशे, म्हणजेच उपग्रहचित्रांचे आणि भूरूपाचे जे तुकडे सर्व्हरवरून एकदा उतरले त्यांच्या प्रती. दुसरी म्हणजे ‘मायप्लेसेस.केएमएल’ ही फाइल, जिच्यात आपण स्वतः टाकलेल्या खुणा, आखलेल्या वाटा आणि त्यांवर लिहिलेली टिपणे असतात. कॅशे पुसला तर सर्व्हर तेच तुकडे पुन्हा देतो. मायप्लेसेस पुसली तर ती परत देणारे कोणीही नाही, कारण ती आपल्या संगणकाखेरीज कुठेच नव्हती. ‘मायप्लेसेस.बॅकअप.केएमएल’ ही राखीव प्रतदेखील त्याच फोल्डरात असते, त्यामुळे सरसकट पुसणाऱ्याचे मूळ आणि राखीव असे दोन्ही एकदमच जाते.

हे मी अनुभवाने लिहीत आहे. भटकंतीतील माझ्या एका सोबत्याने नाणेघाट ते हरिश्चंद्रगड या पट्ट्यातील पाण्याची टाकी, मोडलेल्या घाटवाटा आणि देवरायांच्या सीमा सहा वर्षे नोंदवल्या होत्या. त्यातील कित्येक नावे ज्या वृद्ध गुराख्यांनी सांगितली, ते आज हयात नाहीत. एके दिवशी प्रोग्राम उघडताच बंद पडू लागला आणि त्याने मला फोन केला, तेव्हा आपण दिला आहे तोच सल्ला मी त्याला दिला होता. प्रोग्राम सुरळीत सुरू झाला, पण डाव्या बाजूची यादी रिकामी होती. वाटा त्याच्या जीपीएस यंत्रातून बऱ्याचशा परत मिळाल्या. टाक्यांची नावे आणि ‘पाणी चैत्रापर्यंत टिकते’ यासारखी टिपणे मिळाली नाहीत. ती चूक माझी होती. लेख लांबला तो त्यामुळेच.

आपल्याकडे हा उपाय लागू पडला, याविषयी मला शंका नाही. परंतु प्रोग्राम काढून पुन्हा इन्स्टॉल केल्याने वापरकर्त्याच्या फोल्डराला सहसा धक्का लागत नाही. गुण आला तो फोल्डर पुसल्यामुळे. त्यातही दोष कॅशेमध्ये होता की मायप्लेसेसमध्ये, हे कळण्याचा मार्ग राहिला नाही, कारण दोन्ही एकाच वेळी गेले. म्हणून क्रम महत्त्वाचा आहे. प्रथम प्रोग्राम बंद करून टास्क मॅनेजरमध्ये त्याची एखादी प्रक्रिया अडकून पडली आहे का ते पाहावे. कॅशेचा डेटाबेस लेव्हलडीबी नावाच्या पद्धतीचा असतो आणि तो एका वेळी एकाच प्रक्रियेला उघडता येतो, म्हणून अडकलेली प्रक्रिया आधी बंद करावी लागते. त्यानंतर मायप्लेसेसच्या दोन्ही फाइलींची प्रत वेगळ्या ड्राइव्हवर काढावी. मगच हेल्प मेन्यूतील रिपेअर टूलने कॅशे साफ करावा. मुख्य प्रोग्राम उघडतच नसेल तर हेच टूल इन्स्टॉल झालेल्या फोल्डरातील ‘क्लायंट’ या उपफोल्डरातून स्वतंत्रपणे चालवता येते.

एवढ्याने भागले नाही, तर मायप्लेसेस.केएमएल पुसू नये, तिचे नाव बदलावे आणि प्रोग्राम सुरू करावा. आता तो स्थिर राहिला, तर दोष आपल्या खुणांच्या फाइलीत आहे. यादीत टिक केलेली प्रत्येक गोष्ट सुरुवातीलाच नकाशावर चढते, त्यामुळे हजारो बिंदूंचे जीपीएस ट्रॅक आणि नकाशावर बसवलेली मोठी स्कॅन केलेली चित्रे यांचा भार साचत जातो. फाइल लिहिली जात असताना वीज गेली, तर तिचा शेवट तुटतो. केएमएल ही साधी मजकुराची फाइल असल्यामुळे ती नोटपॅडमध्ये उघडून शेवटचे बंद होणारे टॅग जागेवर आहेत का, हे पाहता येते, आणि मजकूर तुटलेला असला तरी त्याआधीच्या नोंदी वाचवता येतात. केएमएल 2008 पासून ओजीसी या भूमाहितीची मानके ठरवणाऱ्या संस्थेचे खुले मानक आहे. दुरुस्त केलेली फाइल क्यूजीआयएस या नकाशांच्या मोफत प्रोग्राममध्येही उघडते, हा मोठा दिलासा आहे.

प्रोग्राम नेमका केव्हा बंद पडतो, याकडे लक्ष दिले तर पुष्कळ वेळ वाचतो. पृथ्वीचा गोल दिसण्यापूर्वीच बंद पडत असेल तर कॅशे आणि मायप्लेसेस हे दोन्ही संशयित असतात. एका ठरावीक जागेवर गेल्यावरच अडखळत असेल तर कॅशेमधील बिघडलेला तुकडा संभवतो. आणि कुठेही गेले तरी दृश्य कलते करताच पडदा गोठत असेल, तर बहुधा ग्राफिक्स ड्रायव्हरचा प्रश्न असतो. तिथे कॅशे कितीही वेळा साफ केला तरी उपयोग नाही. अशा वेळी ड्रायव्हर अद्ययावत करावा, प्रोग्रामच्या पर्यायांत चित्र रेखाटण्याची पद्धत म्हणून ओपनजीएलऐवजी डायरेक्टएक्स निवडून पाहावी, अथवा त्यातीलच सेफ मोड वापरावा.

आता आपला तिसरा आक्षेप. डिस्क कॅशेची कमाल मर्यादा 2048 एमबी आहे आणि ती शक्य तितकी कमी ठेवावी, असे मी लिहिले होते. आपण म्हणता त्याप्रमाणे, आधी पाहिलेला भाग इंटरनेट नसतानाही याच साठ्यामुळे दिसतो, आणि सह्याद्रीत रेंज नसलेल्या गावी लॅपटॉप उघडणाऱ्याला त्याचा मोठा आधार असतो. माझ्या लेखात मेमरी कॅशे आणि डिस्क कॅशे यांची गल्लत झाली होती. कमी रॅमच्या संगणकावर मर्यादित ठेवायचा तो मेमरी कॅशे, जो प्रोग्राम बंद होताच नाहीसा होतो. डिस्कवरचा साठा मोठाच असू द्यावा, आणि साफ करायचा झाला तर तो मोहिमेहून परतल्यावर, घरच्या जोडणीवर करावा. लेखात तशी दुरुस्ती केली आहे आणि मायप्लेसेसची प्रत काढण्याची सूचना अगदी पहिल्या ओळीत आणली आहे.

आपणास एक विनंती आहे. आपल्या प्रतिक्रियेतील उपाय काढून टाकू नका, पण त्याच्या आधी ‘मायप्लेसेस.केएमएल दुसरीकडे उतरवून घ्या’ एवढे एक वाक्य जोडा.