एक आतली गोष्ट

मी बँकेत आहे. दिवसातून किमान पंधरा वेळा एकच वाक्य बोलतो : "ओटीपी कुणालाही सांगायचा नाही. मी विचारला तरी नाही." लोक मान डोलावतात आणि लगेच विचारतात, "मग आत्ता आलेला सांगू काय?"

अशा माणसाला दुखणं व्हावं तर तेही असं, की ज्याचं नाव चारचौघांत घेता येऊ नये. बसलं की कळ यायची. पहिले पंधरा दिवस मी उभ्यानेच काम केलं. शाखाधिकाऱ्यांनी मीटिंगमध्ये माझं उदाहरण दिलं : "बघा, या वयात ग्राहकासाठी उभे राहतात." टाळ्यासुद्धा पडल्या. मग सांगणार काय?

शेवटी आमच्या डॉक्टरांकडे गेलो. ते बाबांच्या वेळेपासूनचे. त्यांच्याकडे माझं असं कार्ड नाही. बाबांच्या नावाचं एक पिवळं पडलेलं कार्ड आहे, त्यावरच आम्ही सगळे नांदतो : बाबांचं बीपी, आईचा संधिवात, माझा गोवर, लेकीचे टॉन्सिल्स. बाबा जाऊन नऊ वर्षं झाली, पण कार्डावर अजून तेच कुटुंबप्रमुख आहेत. डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, "मिरजेला दाखवून ये. चिठ्ठी देतो. कुठं उघडू नकोस, सरळ त्यांच्या हातात दे."

चिठ्ठी पाकिटात गेली, पाकिटाला तीन पिना बसल्या. गोपनीयतेची हद्द. फक्त पाकीट एका औषध कंपनीने फुकट वाटलेलं होतं, आणि त्यावर बद्धकोष्ठाच्या चूर्णाची रंगीत जाहिरात होती. डब्याशेजारी एक गृहस्थ खुर्चीत मस्त रेलून हसत होते. बसून. मला त्यांचा फार हेवा वाटला. पाकीट छातीशी उलटं धरलं, तर मागच्या बाजूला तेच गृहस्थ, जरा मोठे.

सांगली ते मिरज अंतर ते केवढं! विश्रामबागेत निम्मी बस रिकामी झाली. कंडक्टर म्हणाला, "बसा की साहेब, जागा हाय." मी म्हटलं, "असू दे." मिरजेपर्यंत तो माझ्याकडे संशयाने बघत होता.

मिरजेची ख्याती दोन गोष्टींसाठी : तंतुवाद्यं आणि दवाखाने. इथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. दवाखान्यांना तसल्या कागदाची गरजच नाही. पार कर्नाटकातून लोक गाडी पकडून येतात. ज्या दवाखान्यात गेलो तो एकदम अद्ययावत. काउंटरवर क्यूआर कोड, भिंतीवर 'आपली माहिती आमच्याकडे सुरक्षित आहे' अशी पाटी. मला बरं वाटलं.

"काका, आभा कार्ड हाय काय?" काउंटरवरच्या मुलीने विचारलं.

आभा म्हणजे तो चौदा आकडी आरोग्य क्रमांक. माझ्याकडे नव्हता. "काढू या, दोन मिनिटांचं काम. आधार सांगा." मी वाकून, जवळजवळ काचेला ओठ लावून, आधार क्रमांक कुजबुजलो. तिने तो खणखणीत आवाजात, चार-चार आकड्यांचे गट पाडून, परत वाचून दाखवला. बाकड्यावरच्या एका आजोबांनी मान हलवून दुजोरा दिला.

"आता ओटीपी आला असंल बघा."

आला होता. मी फोन तिच्यापुढे धरला. "दिसंना मला, तुम्ही सांगा." मी इकडेतिकडे पाहिलं, घसा खाकरला आणि सहा आकडे सांगितले. मागून आवाज आला : "साहेब, कुणालाच सांगायचा नाही म्हणला होता न्हवं?"

मार्केट यार्डातले हळदीचे एक व्यापारी. चारच दिवसांपूर्वी मी त्यांना याच विषयावर वीस मिनिटं झापलं होतं. उभ्याने.

यंत्रणा तशी फार विचार करून केलेली आहे, हे मी बँकवाला म्हणून सांगतो. आपले कागद कुठल्या एका सरकारी कोठारात जमा होत नाहीत. ज्याने केले त्याच्याकडेच राहतात. दुसऱ्या डॉक्टरला हवे असतील तर आपल्या फोनवर विचारणा येते : कोण मागतोय, कशासाठी, कुठले कागद, कुठल्या तारखेपासूनचे, किती दिवस बघू द्यायचे. आपण हो म्हटलं तरच माहिती निघते, तीही कुलूपबंद. मी चष्मा लावून प्रत्येक ओळ वाचली, कर्जाचे कागद वाचतो तशी. मागे रांग तुंबली. हो म्हटलं. पलीकडे माझा सगळा आरोग्य-इतिहास उघडला : कोविडच्या लशीचं सर्टिफिकेट. बाकीचं सगळं सांगलीत, बाबांच्या कार्डावर.

"मग तुम्हीच सांगा काका. कुठं दुखतंय?"

मी सांगितलं. "आँ?" मी पुन्हा सांगितलं. "हां, म्हंजे संडासच्या जागी," ती म्हणाली आणि टाइप करू लागली. हळदीचे व्यापारी पुढचा अर्धा तास माझ्याकडे पाहायचं टाळत होते. मला बसायला जागा मात्र सगळ्यांत आधी त्यांनीच दिली, आणि मग आठवण होऊन परत घेतली.

आमच्या बँकेत विदा (म्हणजे डेटा) संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्याचं प्रशिक्षण झालंय. कायद्यात दंड अडीचशे कोटी रुपयांपर्यंत आहे. बाकड्याजवळ उभ्या उभ्या मी हिशेब मांडला : त्या मुलीने सव्वाअकरा ते साडेअकरा या वेळात दवाखान्याचं साधारण दोन हजार कोटींचं नुकसान केलं असतं. पण तो कायदा डिजिटल माहितीपुरता आहे. तोंडाने ओरडून सांगितलेलं त्यात बसत नाही. कायदा करणाऱ्यांना आपली माणसं ठाऊक असावीत.

सर्जन मात्र माणूस चांगला. पाकिटाच्या पिना त्यांनी नखाने काढल्या, चिठ्ठी वाचली, तपासलं आणि कागदावर चित्र काढून समजावलं. "हे भगंदर. म्हणजे आत एक बोगदा तयार झालाय. त्याला दोन तोंडं. बाहेरचं दिसतं, आतलं कुठे उघडतं ते आधी शोधायचं, मग ऑपरेशन. नुसतं बाहेरचं बुजवून उपयोग नसतो." त्यासाठी एमआरआय.

एमआरआय सेंटर तर गोपनीयतेच्या बाबतीत बँकेच्या वर. रिपोर्ट पीडीएफमध्ये, पीडीएफला पासवर्ड, आणि तो डॉक्टरांना थेट व्हॉट्सॲपवर जाणार. व्हॉट्सॲपचे निरोप २०१६ पासून दोन्ही टोकांना कुलूप लावून जातात, मधल्या कुणाला ते वाचता येत नाहीत. मी समाधानाने मान डोलावली. मग मला आलेली प्रत पाहिली. फाइलच्या खालीच लिहिलं होतं : 'पासवर्ड : नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मसाल.' आणि फाइलच्या नावात माझं नाव होतं, संपूर्ण, बाबांसकट. दाराला कुलूप घालून किल्ली त्याच कडीला अडकवायची, तसलं.

वर एक सीडीही दिली. "ही जपा, मूळ चित्रं यातच आहेत." त्या चकतीवर माझं नाव, वय, लिंग आणि कशाचा एमआरआय ते ठळक काळ्या शाईत छापलेलं. मी ती वर्तमानपत्रात गुंडाळून सर्जनसाहेबांकडे नेली. त्यांनी लॅपटॉप चारही बाजूंनी फिरवून दाखवला. सीडी घालायला त्याला जागाच नव्हती. "राहू दे, मोबाइलवर आलंय," म्हणाले आणि गॅलरी वर सरकवू लागले. कुणाचातरी वाढदिवस, केक, गणपती, आंब्याची पेटी, आणि मग मी. पुढे पुन्हा केक. "हं, सापडलं तोंड," ते म्हणाले. ऑपरेशन पुढच्या गुरुवारी ठरलं.

आता ही वार्ता सांगलीला पोचवायची. मी म्हटलं चिठ्ठी द्या, मी नेतो. वाटलं तर पाकीट मी विकत आणतो. ते म्हणाले, "कशाला? मी फोन करतो त्यांना."

संध्याकाळी आमच्या डॉक्टरांकडे पोचलो तर आतल्या खोलीत तोच फोन चालू होता. डॉक्टर आता पंचाहत्तरीचे, ऐकायला कमी येतं, म्हणून स्पीकरवर. खोलीला पडदा आहे, दार नाही. बाहेर सर्दी-तापाचे सातआठ पेशंट आणि कंपाउंडर. माझ्या बोगद्याची लांबी, वळण, कोन आणि दोन्ही तोंडं किती वाजता आहेत (हे लोक घड्याळाच्या आकड्यांत सांगतात) हे सगळं दीड मिनिटात, एकही शब्द न गाळता पोचलं. एवढी चोख देवाणघेवाण दिवसभरात कुणाला जमली नव्हती. पडद्याबाहेर येऊन डॉक्टरांनी मला पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "काळजी करू नको. आपल्यातच राहील."

कंपाउंडरने मान डोलावली. सर्दीवालेही काही कमी नव्हते, त्यांनीही डोलावली.

ऑपरेशन व्यवस्थित झालं. टब, कोमट पाणी, ड्रेसिंग, त्याचं वर्णन करत नाही. बँकेत मी कारण 'कौटुंबिक' असं लिहून रजा टाकली होती, आणि आमच्या सोसायटीत तर खडा लागू दिला नव्हता. हिलाही निक्षून सांगितलं होतं, आणि तिने खरंच कुणाला काही सांगितलं नाही.

तिसऱ्या दिवशी समोरच्या फ्लॅटमधल्या काकू दारात उभ्या. हातात मध्ये भोक असलेली रबरी उशी. "ह्यांच्या वेळची आहे हो. राहू दे तुमच्याकडे."

मी हिच्याकडे पाहिलं. ही काकूंकडे पाहू लागली. काकू आमच्या गॅलरीकडे. तिथे कबुतरांनी उच्छाद मांडलाय म्हणून हिने दोऱ्याला एक सीडी टांगली होती. ती वाऱ्यावर मजेत फिरत होती. एकदा चकचकीत बाजू, एकदा छापलेली.

"कबुतरं यायची थांबली मात्र," ही म्हणाली.