‘दुकानातूनच गरम मांस दिलं’ या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार दादा,

शुक्रवारी बार्बेक्यू स्पर्धेत शिजवण्याआधीच्या मांस तपासणीत तुमचा ब्रिस्केट (बीफच्या छातीचा मोठा तुकडा) बाद झाला याचं खरंच वाईट वाटलं. १६ पौंडांचा, तुम्ही स्वतः निवडून घेतलेला नग चूल पेटायच्या आधीच हातचा गेला. तुम्हाला आणि तुमच्या टीमला झालेल्या मनस्तापाबद्दल माफी मागतो.

पण तुम्ही एक तारा देऊन लिहिलंय, ‘दुकानातूनच गरम मांस दिलं, पॅकिंगचे ३५ डॉलर घेतले आणि पेटीत नुसतं पाणी निघालं. ड्राय आइस दिला असता तर ही वेळ आली नसती.’ यातलं ‘गरम मांस दिलं’ हे म्हणणं खरं नाही, आणि ते वाचून गप्प बसणं आम्हाला परवडणारं नाही. एप्रिल ते ऑक्टोबर आमचं दुकान स्पर्धेवाल्यांवरच चालतं. कॅन्सस सिटीत मांसाची दुकानं कमी नाहीत. ‘गरम मांस’ हे दोन शब्द वाचले की माणूस पुढच्या दुकानात जातो.

सकाळी ७ वाजता मांस आणि बर्फ भरलेली पेटी तुमच्या ताब्यात दिली तेव्हा थर्मामीटरची दांडी दोन पाकिटांच्या मध्ये धरून तापमान घेतलं होतं. ते ३३ अंश फॅरेनहाइट होतं, म्हणजे जेमतेम अर्धा अंश सेल्सियस (पुढचे सगळे अंश फॅरेनहाइटच). तो आकडा झाकणावरच्या चिकटपट्टीवर मार्करने लिहिलाय, तुम्ही टाकलेल्या फोटोतही तो दिसतो. तपासणी दुपारी ४ वाजता झाली. मधल्या नऊ तासांत पेटी आमच्याकडे नव्हती.

तुम्हीच लिहिलंय की चिकन, रिब्स (बरगड्या) आणि पोर्क तिन्ही पास झाले, एकटा ब्रिस्केट ४७ अंशांवर निघाला. या स्पर्धांचे नियम ठरवणाऱ्या कॅन्सस सिटी बार्बेक्यू सोसायटीच्या नियमाप्रमाणे शिजवण्याआधी मांस ४० अंशांच्या वर जाता कामा नये, त्यामुळे तपासनीसांचं काहीच चुकलं नाही. पण चारही मांसं आमच्या एकाच कोल्ड रूममधून, एकाच वेळी निघाली होती. चिकनच्या मांडीचा तुकडा पाव-सव्वापाव किलोचासुद्धा नसतो. माल मुळातच गरम असता तर आधी तो बाद झाला असता. १६ पौंडांचा अखंड ब्रिस्केट तापायला सगळ्यांत जास्त वेळ लागतो. तोच तेवढा तापला, याचा अर्थ तो चुकीच्या जागी होता.

आम्ही भरताना सगळ्यांत खाली चिकन ठेवलं होतं, दुहेरी पिशवीत आणि वेगळ्या ट्रेमध्ये, म्हणजे गळलंच तर त्याचं पाणी दुसऱ्या मांसाला लागू नये. त्यावर ब्रिस्केट आणि पोर्क बट (डुकराच्या खांद्याचा तुकडा), मग रिब्स, आणि सगळ्यांत वर बर्फाचा चार बोटं जाड थर. थंड हवा खाली बसते, म्हणून बर्फ वरच हवा. मांस ६० पौंड आणि बर्फही ६० पौंड. तुमच्या फोटोत ब्रिस्केट सगळ्यांत वर, झाकणाला टेकलेला आहे. त्याच्यावर बर्फाचा खडा नाही, आणि बाजूला कोल्ड्रिंकचे कॅन खोचलेत. गाडीत तापलेले २४ कॅन ८५ अंशांवरून ३५ वर आणायला साधारण साडेसहा पौंड बर्फ वितळतो. शिवाय कॅन काढायला दर थोड्या वेळाने झाकण उघडणार, ते वेगळंच. प्यायचं सामान वेगळ्या पेटीत ठेवा, हे पेटी देताना सांगितलं होतं.

आता पाण्याबद्दल. फोटोत पेटीचं बूच उघडं आहे, म्हणजे पाणी सोडून दिलेलं दिसतं. बर्फ शिल्लक आहे तोवर ते पाणी ३२-३३ अंशांचंच असतं आणि पाकिटाला चहूबाजूंनी धरून ठेवतं. ते सोडलं की त्याची जागा बाहेरची गरम हवा घेते, आणि जुलैत पिकअपच्या उघड्या हौद्यात ती हवा काय असते हे तुम्ही अनुभवलंत. सुटं, कागदात बांधलेलं मांस असतं तर पाणी काढणं बरोबर होतं, भिजून ते खराब झालं असतं. आमची पाकिटं व्हॅक्यूमची, त्यात थेंब जात नाही.

ड्राय आइस, म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, आम्ही जाणूनबुजून देत नाही. तो उणे १०९ अंशांचा असतो आणि मांस साधारण २८ अंशांना गोठायला लागतं. जवळचा भाग दगड होतो, मग तपासणीनंतर मांसात चवीचं पाणी भरायच्या इंजेक्शनची सुई आत शिरत नाही, आणि तपासणीच्या आधी मसाला किंवा इंजेक्शन करायला नियमात परवानगी नाही. शिवाय बंद गाडीत त्याचा कार्बन डायऑक्साइड साठतो. लहान मुलं बरोबर असलेल्या गिऱ्हाइकाला तो द्यायला आमचा हात धजत नाही.

३५ डॉलर कशाचे, तेही सांगतो. आदल्या रात्री पेटीत २० पौंड बर्फ टाकून तिच्या भिंती थंड कराव्या लागतात, नाहीतर सकाळी भरलेल्या बर्फातला बराचसा पेटी थंड करण्यातच जातो. तो बर्फ सकाळी फेकून नवा ६० पौंड भरतो. शिवाय चिकनचं आणि रिब्सचं व्हॅक्यूम पॅकिंग. यात आमच्या हाती फार काही उरत नाही.

आमची चूक एक आहे, ती मान्य करतो. सूचनांचा कागद झाकणाच्या आतल्या बाजूला, बारीक इंग्रजी अक्षरांत आहे, आणि बूच उघडू नका हे त्यात लिहिलेलंच नाही. ते आम्ही बदलू. पेटीत तापमान नोंदवणारं छोटं यंत्र ठेवायचाही विचार आहे, जमेल तसं करू.

ब्रिस्केटचे पूर्ण पैसे परत करतो, पावती दाखवायचीही गरज नाही. पॅकिंगचे मात्र परत करता येणार नाहीत. तारा एकच ठेवायचा असेल तर ठेवा, दादा. ‘दुकानातूनच’ हा शब्द तेवढा काढा, एवढीच विनंती.