त्या चप्पलवाल्या कमेंटला उत्तर

नमस्कार 'रंकाळ्याचा वारा',

तुमची कमेंट परवा रात्री साडेअकराला आली, मी वाचली, तापलो, उत्तर टाइप केलं, पुसलं आणि झोपलो. सकाळी गोकुळ शिरगावला जाताना कंपनीच्या बसमध्ये परत वाचली तर अर्धी पटली. आता अर्धी पटली म्हटल्यावर दोन ओळीत भागत नाही, म्हणून हे लांबण.

ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी सांगतो. आम्ही सात-आठ जण कॉमेडी पॉडकास्ट ऐकणारे, आमच्यात वर्षभर जी पुस्तकं आणि वस्तू एकमेकांना सुचवल्या गेल्या त्यांची यादी मी मागच्या पोस्टमध्ये टाकली होती. त्यावर यांचं म्हणणं, निम्म्या वस्तू त्या शोवाल्यांच्या प्रोमो कोडच्याच आहेत म्हणजे तुम्ही फॅन नाही, बिनपगारी सेल्समन आहात. वर लिंकमधनं कमिशन खाता आणि बोलत नाही. पुस्तकं सगळी मेलेल्या माणसांची. आणि शेवटी, "कोल्हापुरात राहून ऑनलाइन कोल्हापुरी चप्पल सुचवताय, चप्पल लाईनपर्यंत चालत जायला पाय दुखतात काय?"

शेवटच्यापासून सुरू करतो, कारण तिथं मी पार उताणा पडलोय.

खरं सांगतो, ती चप्पल मी कधी पायात घातलीच नव्हती. एका शोमध्ये शो करणाऱ्या दोघांनी तिच्यावर पाच मिनिटं असला धिंगाणा घातला, की रात्री उशिरा चोरपावलांनी घरात शिरणारा नवरा आणि पायातली करकरणारी चप्पल, बसमध्ये मी एकटाच खिदळत होतो आणि शेजारचा सुपरवायझर माझ्याकडं बघत होता. ग्रुपमधल्या एकानं लिंक टाकली, मी उचलून यादीत घातली, झालं. तुमची कमेंट वाचल्यावर शनिवारी मावसभावाकडनं त्यानं मागवलेला तोच जोड आणला, बाबांच्या जुन्या जोडाशेजारी ठेवला आणि दोन्ही उलटे केले.

बाबांच्या जोडाच्या तळाला चामड्याच्या वादीची शिवण, टाका न टाका मोजून घ्या, खिळा एक नाही. टाचेचे थर झिजून झिजून कडेनं गोल झालेत पण एकमेकाला सोडलेलं नाही. मावसभावाच्या जोडाला पण शिवण आहे बरं का, एकदम देखणी, फक्त ती वरनंच मारलेली, खाली आरपार गेलीच नाही. टाचेच्या फटीत नख घातलं तर थर सुटा झाला आणि आत चिकटवायचं पिवळं सोल्युशन. वास पण नाही. बाभळीची साल आणि हिरडा घालून कमावलेल्या चामड्याचा नवा जोड घरात आला की आमची आई पंधरा दिवस तो जिन्याखालीच ठेवायला लावते, इतका वास असतो. ह्याला नवीन मोबाइलच्या खोक्याचा वास.

वर त्या पेजवर 'अस्सल कोल्हापूर' असा शिक्का. आता २०१९ ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळाला तो आठ जिल्ह्यांना मिळालाय, आपल्याकडचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि तिकडचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. म्हणजे बेळगाव जिल्ह्यातल्या अथणीची चप्पल पण अस्सलच, त्यावर भांडायचं काम नाही. पण सोल्युशनवाली आठपैकी कुठल्याच जिल्ह्यात बसत नाही. काढली यादीतनं. चूक माझी, पूर्ण.

आता सेल्समन. इथं मात्र मला भांडायचंय.

कोड म्हणजे काय, तर गिऱ्हाईक कुठल्या शोवरनं आलं हे कंपनीला कळायची खूण. म्हणून शोवाला एका एपिसोडमध्ये तीनतीनदा कोड म्हणतो. शो करणाऱ्यानंच आपल्या तोंडानं, आपल्या स्टाइलमध्ये जाहिरात वाचायची ही पद्धत अमेरिकन पॉडकास्टवाल्यांनी रुळवली, त्यांच्याकडं गाद्या, व्हीपीएन, वेबसाइट बनवून देणारे, आपल्याकडं ट्रिमर आणि प्रोटीन पावडर. आणि कॉमेडीवाल्यांचं डेंजर काय आहे सांगू का, कधीकधी अख्ख्या एपिसोडमध्ये जाहिरातच सगळ्यात भारी जमलेली असते. दुसऱ्या कुणी जाहिरात सुरू केली की आपण तीस सेकंद पुढं ढकलतो, ह्यांची मात्र परत मागं घेऊन ऐकतो. हसत असताना माणसाचा खिशावरचा हात सुटतो, हे मला माझ्या पैशानं कळलंय.

ट्रिमरचं सांगतो. आजोबांच्या मिशीवर असली गोष्ट रचली होती एका शोवाल्यानं की आमच्यातल्या चौघांनी एका आठवड्यात घेतला. माझा दुसऱ्या महिन्यात बंद पडला, आणि पडला कधी, तर सकाळी सव्वासातला, उजवा गाल साफ, डाव्यावर सगळं जंगल, बस सात चाळीसची. तसाच रुमाल लावून गेलो. कस्टमर केअरवाली बाई म्हणाली अनबॉक्सिंगचा व्हिडिओ पाठवा. आता ट्रिमरचं अनबॉक्सिंग कोण शूट करून ठेवतंय ओ? शेवटी अर्ध्या दाढीचा फोटो ग्रुपवर टाकला आणि तासाभरात कळलं की चारपैकी तीन बंद आहेत आणि चौथ्यानं अजून खोकंच उघडलेलं नाही.

आणि तुम्ही यादी शेवटपर्यंत वाचली असती तर तो ट्रिमर 'घेऊ नका' ह्या भागात दिसला असता. नाव, कोड सगळ्यासकट. बिनपगारी सेल्समन असलं करतो का?

त्या प्रकारानंतर आमच्यात एक ठरलं. वस्तू सुचवायची असेल तर निदान सहा महिने वापरलेली पाहिजे आणि रविवारी रंकाळ्यावर संध्यामठापाशी भेटतो तेव्हा सोबत आणायची. आणून दाखवायची, हातात द्यायची. बाद झाली तर त्या दिवशीची भेळ सुचवणाऱ्याकडं. म्हणून यादीतले साधे वायरवाले इअरफोन, ते कुठल्याच शोनं सांगितलेले नाहीत, आमच्यातल्या एकीनं दीड वर्ष वापरलेले आहेत, एका बाजूला इन्सुलेशन टेप लावलीय आणि तरी ती ते बदलायला तयार नाही. शोवाल्याला मी सहा महिन्यांनी कुठं गाठणार? हिला गाठता येतं. चप्पल ह्या नियमातनं सुटली कारण ज्यानं लिंक टाकली तो पुण्यात असतो आणि मी आळस केला. असो.

कमिशनवर तुमचं बरोबर आहे. यादीत नऊ लिंका माझ्या होत्या आणि मी ते लिहिलं नव्हतं. वर्षभरात ३८६ रुपये आले, पण रक्कम बारकी म्हणून सांगायचं नाही असं कुठं आहे. दुसऱ्याला मी शिकवतच असतो, जाहिरात मानक परिषदेनं २०२१ मध्ये इन्फ्लुएन्सर लोकांसाठी नियम काढलेत, ऑडिओ असेल तर ही जाहिरात आहे हे सुरुवातीला, शेवटी आणि मधल्या प्रत्येक ब्रेकच्या आधी-नंतर बोलून सांगायचं. जानेवारी २०२३ ला केंद्राच्या ग्राहक खात्यानं पण सांगितलं की पैसे घेतले काय नि वस्तू फुकट घेतली काय, ज्या भाषेत शिफारस केली त्याच भाषेत सरळ सांगा. दिशाभूल करणारी जाहिरात केली तर पहिल्या वेळी १० लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केली तर ५० लाखांपर्यंत. हे सगळं मला पाठ, आणि स्वतःच्या पोस्टवर ओळ टाकायची राहिली. आता वरतीच टाकलीय, ठळक अक्षरात. पुस्तकांच्या लिंका तर काढूनच टाकल्या, तिथं सरळ दुकानाला फोन करा.

राहिली पुस्तकं. पहिलं म्हणजे कॉमेडियन ट्रेव्हर नोआ १९८४ चा आहे, त्याला उगाच मारू नका. 'बॉर्न अ क्राइम' आमच्यात पुस्तक म्हणून कमी आणि ऑडिओबुक म्हणून जास्त फिरलं, त्यानं स्वतः वाचलंय, पॉडकास्टची सवय असलेल्या कानाला ते लगेच बसतं. अमेरिकन कॉमेडियन स्टीव्ह मार्टिनचं 'बॉर्न स्टँडिंग अप' २००७ चं. स्टँडअपची त्याची एकूण अठरा वर्षं, त्यातली दहा शिकण्यात, चार घासूनपुसून घेण्यात आणि फक्त चार धो धो यशाची, आणि मग त्यानं ते सोडूनच दिलं. आमच्यातला एक पोरगा ओपन माइकला, म्हणजे नवख्यांना स्टँडअप करून बघायला मिळतं तिथं, जातो, तो हा दहाचा आकडा वाचून दोन दिवस कुणाशी बोलला नाही.

मराठीतली मात्र जुनी आहेत, मान्य. मागच्या पोस्टमधलं "पु. ल. म्हणजे आपले पहिले पॉडकास्टर" हे वाक्य तुम्हाला पुचाट वाटलं, मला पण आता वाटतंय, काढतो. पण शंकर पाटलांचं पुस्तक यादीत का आलं ते ऐका. कुणीतरी करवीर नगर वाचन मंदिरातनं त्यांचा कथासंग्रह आणला होता. ओपन माइकवाल्या पोराला म्हटलं 'धिंड' मोठ्यानं वाच. त्यानं वाचली, आणि पडली. सपशेल. तो प्रत्येक ओळीत पंच शोधत पळत होता, दर दोन वाक्यांनी आमच्याकडं बघायचा, हसला काय, हसला काय. मग आमच्यातले एक काका आहेत, एसटीतनं रिटायर झालेले, मूळचे हुपरीकडचे, ते म्हणाले आण इकडं. त्यांनी चष्मा लावला आणि आधीच्या निम्म्या वेगानं सुरू केलं. प्रत्येक संवादानंतर थांबायचे, गावात माणूस बोलायच्या आधी जसं समोरच्याकडं जरा बघून घेतो तेवढं. पानावर तीच अक्षरं होती. भेळवाला गाडी सोडून येऊन उभा राहिला.

पाटील पट्टणकोडोलीचे, म्हणजे काकांच्या शेजारच्याच गावचे, त्यामुळं ती बोली त्यांना वाचावीच लागत नव्हती. व्यंकटेश माडगूळकर, द. मा. मिरासदार आणि पाटील हे तिघं गावोगाव कथाकथन करत फिरायचे, माइकसमोर उभं राहून नुसती गोष्ट सांगायची आणि लोकांनी ऐकायची. ते पोरगं त्या रविवारी पुस्तक घरी घेऊन गेलंय, अजून परत केलेलं नाही, वाचनालयाचा दंड चढतोय. असं पुस्तक यादीत घालायचं नाही तर काय घालायचं? चि. वि. जोशींचा चिमणराव पण असाच कानानं आत आला. हे जोशी बडोद्यात पाली भाषा शिकवायचे, ह्यावर आमच्यात अजून कुणाचा विश्वास बसत नाही.

आज लिहिणाऱ्या मराठी विनोदी लेखकांची पुस्तकं कमी आहेत हे खरंय. तुम्ही कमेंटमध्ये टोमणा मारलात पण एक नाव दिलं नाही. द्या की. दोन-तीन द्या, पण स्वतः वाचलेली.

आणि तुम्ही लिहिलंय की तुमची कापशी चप्पल, कोल्हापुरीतलाच तो एक प्रकार, अकरा वर्षं चाललीय, तळ एकदाच बदललाय. ह्या रविवारी साडेपाचला संध्यामठाच्या बाजूला आहोत आम्ही, ती घालूनच या. उलटी करून बघायचीय.