कोपरं पिचरांची फाटतात, खापर ट्रेनरवर का?

अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलमध्ये एखादा नावाजलेला पिचर (बॅटरला बॉल टाकणारा खेळाडू) जखमी झाला की एक मजकूर हमखास फिरू लागतो. त्याचं सार असं: ट्रेनरचं (खेळाडूंच्या दुखापती सांभाळणाऱ्या संघातल्या माणसाचं) काम म्हणजे बर्फ लावणं आणि पट्ट्या बांधणं, पाण्यासारखा पैसा ओतूनही कोपरं, म्हणजे त्यांतले हाडं जोडणारे अस्थिबंध, फाटतातच, म्हणजे ही मंडळी निकामी, आणि पगार क्लबचा असल्यामुळे क्लब म्हणेल तेव्हा ते खेळाडूला मैदानात ढकलणार. यातल्या तिसऱ्या आरोपात थोडं तथ्य आहे. पहिल्या दोनांत नाही.

बर्फ लावतात, पट्ट्याही बांधतात, नाकारायचं कशाला? पण 20 एप्रिल 2018 ला शिकागोत काय झालं ते बघा. व्हाइट सॉक्स संघाचा पिचर डॅनी फार्कर सहाव्या इनिंगमध्ये बॉल टाकून डगआउटमध्ये (मैदानाकडेच्या संघाच्या बाकांवर) परतला आणि तिथेच कोसळला. मेंदूतली रक्तवाहिनी फुटली होती. संघाचे ट्रेनर, डॉक्टर आणि मैदानावरचं आपत्कालीन पथक लगेच त्याच्यापाशी पोहोचलं. फार्कर वाचला, मे महिन्यात घरी गेला. अशा वेळी बर्फाची पिशवी काय कामाची?

त्याआधीचं उदाहरण डॉजर्स संघाच्या बिल ब्यूलर यांचं. 1976 मध्ये कॅचर (बॅटरच्या मागे बसून बॉल पकडणारा) स्टीव्ह येगर आपल्या बॅटिंगची वाट बघत उभा असताना सहकाऱ्याची बॅट मोडली आणि तिच्या ढलप्या त्याच्या गळ्यात घुसल्या, अन्ननलिकेला इजा झाली. गंमत म्हणजे तेव्हा तो कॅचिंग करत नव्हताच. पण परत कॅचिंगला बसायचं तर जखमी गळ्यावर बॉल आदळण्याची भीती होती. ब्यूलर हे संघाचे ट्रेनर. त्यांनी मास्कच्या खाली लोंबणारं गळ्याचं संरक्षक पान तयार केलं आणि पुढे कितीतरी कॅचर ते वापरू लागले.

आज या कामासाठी पदव्युत्तर शिक्षण आणि प्रमाणपत्राची परीक्षा लागते. व्यायाम करून घेणारे कोच वेगळे असतात, हेही त्या मजकुराच्या लेखकाला माहीत नसावं.

आता फाटलेली कोपरं. 2005 मध्ये पिचर जखमींच्या यादीत (दुखापतीमुळे काही काळ खेळू न शकणाऱ्यांच्या) जाण्याच्या 212 नोंदी होत्या, 2024 मध्ये 485. वाढ खरीच आहे. पण मेजर लीगने स्वतःच डिसेंबर 2024 मध्ये अहवाल काढला, त्यात बोट ठेवलंय ते वेगाच्या हव्यासावर आणि प्रत्येक बॉल जीव तोडून टाकण्यावर. सरासरी फास्टबॉल 2008 मध्ये ताशी 147 किलोमीटरच्या आसपास होता, 2024 मध्ये 151 च्या वर गेला. हा वेग मागतो कोण? संघनिवड करणारे, करार करणारे आणि तो रडारवर बघून टाळ्या वाजवणारे आपण. कोपराच्या आतल्या बाजूचा अस्थिबंध काही व्यायामाने स्नायूसारखा फुगवता येत नाही. रस्त्यावर गाड्या सुसाट सोडायच्या आणि अपघात वाढले म्हणून गॅरेजवाल्याला झोडपायचं, त्यातली ही गत.

फाटल्यावरचं काम तर कॅमेऱ्याला दिसतच नाही. 1974 मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी पिचर टॉमी जॉनच्या कोपरावर केलेली शस्त्रक्रिया सगळ्यांना ठाऊक असते. त्यानंतरचे महिने कुणी मोजत नाही. आधी कोपर नुसतं सरळ व्हायला हवं. मग काही महिन्यांनी 45 फुटांवरून हलके थ्रो, मग 60, 90, 120, आणि त्यानंतर कुठे माउंड, म्हणजे पिचर जिथून बॉल टाकतो तो उंचवटा. प्रत्येक टप्प्यावर ट्रेनर हात धरून कोपर किंचित वाकवतो, मनगटाकडून बाहेर रेटतो आणि आतल्या बाजूला बोट ठेवून फट उघडतेय का ते चाचपतो. दुखलं तर एक पायरी मागे. परतायला वर्ष ते दीड वर्ष जातं.

राहिला पगाराचा मुद्दा. नोकरी क्लबची आहे आणि दडपण येतं, हे मान्य. पण खेळाडूला जखमींच्या यादीत टाकायला डॉक्टरचा दाखला लागतो, बाहेरच्या डॉक्टरचं मत घ्यायचा हक्क खेळाडूला करारानेच आहे, आणि डोक्याला मार लागलेल्यांसाठी 2011 पासून सात दिवसांची वेगळी यादी आहे. शिवाय ढकलणारा नेहमी क्लबच असतो असंही नाही. करार संपत आलेला पिचर खांदा दुखतोय हे आपणहून सांगत नाही. अशा वेळी मोसमाच्या सुरुवातीला खांदा किती अंशांत फिरत होता आणि आज किती फिरतोय, हा नोंदवहीतला फरक पुढे करून ट्रेनरच त्याला सामन्याबाहेर बसवायला सांगतो, आणि त्या रात्री तो पिचर त्याच्याशी धड बोलतही नाही.